रोजच्या इंग्रजीत 'ही', 'शी' की 'दे'? तुम्ही काय वापरता?

खारीबिस्किट

बरेच दिवस डोक्यात होतं, आज ऑफिसात परत वाजलं म्हणून धागा काढतेय. मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे, म्हणजे मॅन्युअल, हेल्प पेजेस, रिलीज नोट्स असलं लिहायचं काम. आमच्या स्टाइल गाइडमध्ये आता स्पष्ट लिहिलंय की 'इफ द युजर फर्गेट्स हिज पासवर्ड' चालणार नाही, 'हिज ऑर हर' पण नको, सरळ 'देअर पासवर्ड' लिहा. मी लिहिते, रिव्ह्यूला जातं, आणि एक सीनियर दर वेळी ते खोडून 'हिज' करून पाठवतात, बाजूला कमेंट 'ग्रामर!!' दोन उद्गारचिन्हांसकट. मी परत 'देअर' करते. असं आमचं पिंगपाँग चालू आहे.

दुसरी गोष्ट वेगळी आहे पण त्याच भांड्यातली. क्लायंटकडच्या टीममध्ये एक अ‍ॅलेक्स आहेत, त्यांच्या मेलखाली 'दे/देम' लिहिलेलं असतं, म्हणजे मला 'ही' किंवा 'शी' न म्हणता 'दे' म्हणा. आमच्याकडे कुणाची तक्रार नाही, पण कॉलवर सगळ्यांची जीभ अडखळते आणि मग लोक सर्वनामच टाळतात, त्यामुळे 'अ‍ॅलेक्स सेड अ‍ॅलेक्स विल सेंड अ‍ॅलेक्सेस फाइल टुमॉरो' अशी वाक्यं ऐकू येतात आणि म्यूटवर हसू आवरत नाही.

तर प्रश्न साधा आहे. तुमच्या रोजच्या इंग्रजीत, म्हणजे मेल, मीटिंग, मुलांची शाळा, तुम्ही एकवचनी 'दे' वापरता का? कोण आहे ते माहीत नसताना, आणि समोरच्याने तसं सांगितलेलं असताना, दोन्हीबद्दल लिहा. कुणाची टर उडवायला हा धागा नाही, तेवढं सांभाळा प्लीज.

हलकंघ्या

आमच्या पाचवीच्या वर्गात 'ही म्हणजे तो आणि शी म्हणजे ती' हे बाईंनी फळ्यावर लिहिलं तेव्हा सगळा वर्ग तास संपेपर्यंत 'शी' म्हणत हसत होता. आता 'दे' आलं. काय दे? ह. घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डांबरट_मास्तर

उभी हयात सातवी ते दहावीला इंग्रजी शिकवण्यात गेली त्यामुळे माझं मत आधीच ओळखलं असेल. 'दे' अनेकवचन आहे. 'एव्हरीवन' एकवचन आहे. एकवचनी कर्त्याला अनेकवचनी सर्वनाम जोडलं की आम्ही लाल पेनाने गोल करायचो आणि अर्धा मार्क कापायचो, आणि ते योग्यच होतं. रेन-मार्टिन घोकलेल्या पिढीला 'एनीबडी कॅन डू इट इफ ही ट्राइज' पाठ आहे, त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता हो, भाषेत तशी सोय होती एवढंच. तुमचे ते सीनियर माझे विद्यार्थी असावेत.

शिवाय अर्थाचा घोळ होतो तो वेगळाच. 'सॅम मेट द डायरेक्टर्स अँड दे लेफ्ट' यात कोण गेलं? सॅम, डायरेक्टर की सगळेच? भाषा कशासाठी असते, कळण्यासाठी ना?

बाराखडी

मास्तर, आदर ठेवून थोडं भांडते.

एकवचनी 'दे' ही कालपरवाची पोरांची फॅशन नाही. १३७५ च्या आसपासच्या लेखनात ते सापडतं, म्हणजे इकडे बहमनी राज्य होतं तेव्हापासून इंग्रज असं बोलतायत. पुढे चॉसर, शेक्सपिअर, जेन ऑस्टिन सगळ्यांनी वापरलंय. ते 'चूक' आहे हा नियम नंतर आला, अठराव्या शतकात व्याकरणकारांनी इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात बसवायला घेतलं त्या काळात. आणि गंमत म्हणजे 'कुणीही' साठी पुल्लिंगी सर्वनाम वापरावं हे छापून सांगणाऱ्या पहिल्या लोकांत अ‍ॅन फिशर नावाच्या एका बाईंचंच नाव घेतात, १७४० च्या दशकातलं त्यांचं व्याकरण. म्हणजे तुमचा नियम 'दे' पेक्षा वयाने बराच लहान आहे.

आणि अनेकवचनाचं म्हणाल तर 'यू' चं काय? एकेकाळी इंग्रजीत एकट्या माणसाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' होतं. मग मान द्यायचा म्हणून एकट्यालाही 'यू' सुरू झालं, आणि हळूहळू 'दाऊ' गेलंच. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक याच्या विरोधात होते, एकट्या माणसाला 'यू' म्हणणं त्यांना खोटेपणा वाटायचा, त्यावरून त्यांनी मारही खाल्ला. आज एकट्या माणसाला 'यू आर' म्हणताना तुम्ही लाल पेन काढत नाही. आपल्याकडे तर एकट्या काकांना 'तुम्ही आलात' म्हणतो, तिथे वचन कुठे आडवं येतं?

घोळाचं बोलायचं तर 'रमेशने सुरेशला सांगितलं की तो नापास झाला' यात कोण नापास झालं? 'तो' तर एकवचनी पण आहे आणि पुल्लिंगी पण. घोळ सर्वनामाचा स्वभाव आहे, एकट्या 'दे' चा नाही.

ठाण्याचा_ठोकळा

इतिहास मान्य. पण शेक्सपिअरचं 'दे' आणि सिग्नेचरमधलं 'दे' एक नाही हे बाराखडी सोयीस्करपणे विसरतायत. 'समवन लेफ्ट देअर अंब्रेला' मध्ये माणूस कोण ते माहीत नाही म्हणून 'दे'. आख्खा माणूस समोर बसलाय, नाव माहीत, चेहरा माहीत, तरी 'दे' म्हणायचं, ही नवीनच मागणी आहे. नवीन आहे म्हणून वाईट असं मी म्हणत नाही पण सहाशे वर्षांचा दाखला इथे चालणार नाही.

माझा खरा राग कॉर्पोरेटवर आहे. जून म्हणजे प्राइडचा महिना आला की लोगो इंद्रधनुष्यी, एचआरचा मेल की सगळ्यांनी सिग्नेचरमध्ये प्रोनाउन्स टाका, आणि त्याच ऑफिसात कँटीनमध्ये बायल्या वगैरे शब्द सर्रास चालतात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मी 'ही/हिम' लिहून जगात नक्की काय बदललं?

बाराखडी

पहिल्या परिच्छेदाला अनुमोदन, तो फरक खरा आहे. नावगाव माहीत असलेल्या एका माणसासाठी 'दे' हे गेल्या वीसेक वर्षांत पसरलं, २०१९ च्या सप्टेंबरात गायक सॅम स्मिथ यांनी 'मला दे/देम म्हणा' असं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात मेरियम-वेबस्टरने डिक्शनरीत हा अर्थ घातला, वर्षाअखेरीला 'दे' हाच त्यांचा वर्षाचा शब्द. पण नवा अर्थ जुन्या शब्दावर बसला म्हणून तर तो टिकला असं मला वाटतं. नवीन शब्द बनवायचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 'दॅट' आणि 'वन' जोडून 'दॉन' असं सर्वनाम काढलं, १९३४ च्या वेबस्टरमध्ये ते छापूनही आलं, आणि १९६१ च्या आवृत्तीत निघालं कारण कुणी वापरेचना. 'झी', 'झी-हिर' वगैरेंचं रोजच्या बोलण्यात फार काही झालेलं दिसत नाही. स्वीडिश भाषेत मात्र 'हेन' हा नवा शब्द रुजला, २०१५ मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दकोशात गेला.

कायदेकानू

वकील आहे, त्यामुळे लांबण लावणार, आधीच माफी.

'ही मध्ये शी आलीच की' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण आमच्याकडे ते कायद्यात लिहिलेलं आहे आणि त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. झकास. मग १८६७ मध्ये मतदानाचा कायदा आला, त्यात 'मॅन' शब्द होता, तर मँचेस्टरच्या हजारो बायका म्हणाल्या की मग आम्हीपण मतदार. १८६८ ला कोर्टाने सांगितलं, नाही, इथे मॅन म्हणजे पुरुषच. दंड आणि कर भरायला 'ही' मध्ये बायका, मत द्यायला नाहीत.

आता आपल्याकडे या. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम १३ तेच म्हणतं, पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया आल्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायद्याची पदवी घेतलेल्या बाई कलकत्त्याला प्लीडर म्हणून नोंदणी मागायला गेल्या. वकिलांच्या कायद्यात सगळीकडे 'ही'. त्यांच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला की 'ही' मध्ये 'शी' धरा, कायदाच तसं सांगतो. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अर्ज फेटाळला, की कायदा करणाऱ्यांच्या मनात बायका नव्हत्याच. १९२१ ला पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीत तेच झालं. त्याच वर्षी अलाहाबादने कॉर्नेलिया सोराबजींना घेतलं, आणि मग १९२३ मध्ये बायकांना वकिली करता यावी म्हणून वेगळा कायदा करावा लागला. या सोराबजी म्हणजे नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिलेल्या. तीस वर्षं थांबल्या त्या. तेव्हा 'ही' सगळ्यांनाच लागू असतं हे मला कुणी सांगू नये.

पुढचा भाग अजून मजेदार. जुन्या दंड संहितेच्या कलम ८ मध्ये होतं की 'ही' हे सर्वनाम पुरुष वा स्त्री कुणासाठीही आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम २ मधल्या व्याख्येत आता पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर असं आहे. म्हणजे २०१४ च्या नालसा निकालाचा (सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर लोकांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली तो) परिणाम शब्दांत उतरला, पण सर्वनाम कुठलं? तेच, 'ही'. खोली तीच ठेवली, आत अजून एक माणूस बसवला. ब्रिटिशांनी मात्र २००७ पासून सरकारी विधेयकं लिंगनिरपेक्ष भाषेत लिहायचं ठरवलं.

चिंगूताई

कायदेकानू, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. रेजिना गुहांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

डांबरट_मास्तर

रेजिना गुहांच्या बाबतीत दोष सर्वनामाचा नव्हता, न्यायमूर्तींचा होता. 'दे' लिहिलं असतं तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं.

कायदेकानू

असेलही मास्तर, पण मग निकालात कारण दुसरं शोधावं लागलं असतं, आणि लंगडी कारणं अपिलात टिकत नाहीत.

मिडवेस्टवाली

मी ओहायोत असते. माझ्या लेकीच्या वर्गात एक जण दे/देम आहे, आमच्याकडे येऊनजाऊन असतं. मुलांना काहीच विशेष वाटत नाही, ती 'दे फर्गॉट देअर चार्जर अगेन' इतक्या सहज म्हणतात की मीच मागे वळून बघायचे की अजून कोण आलंय.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा मला टेन्शन होतं. मी आणि नवऱ्याने खूप गंभीर चेहरे करून त्यांना समजावायला घेतलं, जेंडर म्हणजे काय इथपासून. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, 'बरं, पण ते पोर नुसतं पिझ्झ्यावर जगतंय गं, त्याला वरणभात खायला घाल की.' आमचं आख्खं लेक्चर 'ते पोर' मध्ये संपलं. इंग्रजीत बोलताना तर त्या 'धिस चाइल्ड' च्या पुढे जातच नाहीत. दोन महिने एकदाही अडलं नाही, आणि आम्ही दोघं शिकलेसवरलेले अजून अडखळतोय.

आता इथलं वातावरण पार बदललंय ते पण सांगते. २०२५ च्या जानेवारीत ट्रंप आल्याआल्या सरकार स्त्री आणि पुरुष अशी दोनच लिंगं मानणार अशी ऑर्डर काढली आणि महिनाअखेरीला फेडरल कर्मचाऱ्यांना सिग्नेचरमधून प्रोनाउन्स काढायला सांगितलं. आधी लिहा म्हणून मेल, मग काढा म्हणून मेल. सरकारी नोकरीतली एक मैत्रीण म्हणाली की मी दोन्ही वेळा निमूटपणे केलं, मला घराचे हप्ते आहेत.

शब्दहमाल

साताऱ्याच्या आजी झिंदाबाद. पण 'ते पोर' हे पोर आहे तोवरच चालतं हे लक्षात घ्या. तेच पोर तिशीचं झालं आणि आपण 'ते मॅनेजर आलं' म्हटलं तर भांडण होईल. मराठी नपुंसकलिंग मोठ्या माणसाला लावलं की त्यात तुच्छता येते, इंग्रजीत माणसाला 'इट' म्हणण्यासारखं. आणि आदरार्थी 'ते' म्हणाल तर ते पुल्लिंगीच, बाईंना 'त्या'. त्यामुळे इंग्रजीतलं 'दे' जसंच्या तसं मराठीत 'ते' करता येत नाही. मी अ‍ॅप्सचं मराठीकरण करतो, 'दे अपडेटेड देअर फोटो' असं आलं की 'यांनी फोटो बदलला' करून सुटतो. 'यांनी', 'त्यांनी' मध्ये लिंग नाही, क्रियापद फोटोच्या मागे जातं. भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद असेल तर मराठी माणूस बिनलिंगी बोलू शकतो! वर्तमानकाळात आलं की मेलो.

हा प्रश्न सगळ्यांनाच आलाय. २००८ मध्ये फेसबुकने लोकांना लिंग निवडा म्हणून मागे लागायला सुरुवात केली त्यामागे भाषांतराची अडचण हे एक कारण त्यांनी स्वतः सांगितलं होतं, कारण इंग्रजीत 'दे' खपून जातं, बाकी भाषांत वाक्यच बनत नाही. उलटही होतं. तुर्कीत 'ओ' हे एकच सर्वनाम, गूगल त्याचं भाषांतर करताना डॉक्टर असेल तर 'ही' आणि नर्स असेल तर 'शी' ठोकून द्यायचं. २०१८ च्या शेवटी त्यांनी दोन्ही उत्तरं दाखवायला सुरुवात केली.

ठाण्याचा_ठोकळा

बरं झालं तुर्कीचं नाव काढलंत. तुर्कीत एकच सर्वनाम, बंगालीत 'शे' एकच, क्रियापदालाही लिंग नाही. मग काय तिथे बायकांना सगळं मिळालं? ज्या कलकत्त्यात रेजिना गुहांना बाहेर काढलं तिथल्या लोकांच्या घरच्या भाषेत तर 'तो-ती' च नाही! सर्वनामाने समाज सुधारतो हे मला पटत नाही, बस.

बाराखडी

हा मात्र जबरदस्त मुद्दा. निकाल इंग्रजीत होता असं म्हणून पळवाट काढता येईल पण काढत नाही. सर्वनामाने समाज सुधारतो असं मीही म्हणणार नाही. समोरच्या एका माणसाला बरं वाटतं, माझा मुद्दा तेवढाच आहे, आणि त्याला मला खर्च शून्य.

नुसतंच_वाचन

इथे इतकी वर्षं फक्त वाचन, आज पहिल्यांदा लिहावंसं वाटलं.

माझी इंग्रजी सर्वनामं दे/देम. नोकरी मुंबईत, घर नाशिकला. ऑफिसात मी हे मोजक्या लोकांना सांगितलंय, सिग्नेचरमध्ये लिहिलेलं नाही आणि इतक्यात लिहिणारही नाही. त्यामुळे ठोकळा यांचा सिग्नेचरवरचा राग मला वेगळ्या कारणाने पटतो. ज्यांना काहीच प्रश्न नाही त्यांना प्रोनाउन्स लिहिणं सोपं. सक्ती झाली की माझ्यासारख्यांपुढे दोनच रस्ते उरतात, खोटं लिहायचं किंवा मनाची तयारी नसताना सगळ्या मजल्याला सांगायचं. ऐच्छिक ठेवा, बस.

पण 'काय बदललं' याचं उत्तरही माझ्याकडे आहे. टीममधल्या एका सीनियरने मेलखाली ही/हिम लिहिलं होतं, म्हणून त्यांना सांगायची हिंमत झाली. लोगोकडे बघून झाली नसती.

आणि अजून एक. लोकांना वाटतं इंग्रजीतलं 'दे' अवघड. माझ्यासाठी इंग्रजी म्हणजे आराम आहे. आय वेंट, आय एट, आय अ‍ॅम टायर्ड, कुठेही काही जाहीर करावं लागत नाही. मराठीत 'दमलो' की 'दमले' हे ठरवल्याशिवाय दमताही येत नाही. घरी फोनवर आईशी बोलताना वाक्यावाक्याला हे होतं आणि तिला त्याची कल्पनाही नाही. मराठी माझी भाषा आहे, तिच्यावर राग नाही, पण दिवसाकाठी थोडा वेळ इंग्रजीत जायला मिळतं ते बरं वाटतं.

चुकण्याबद्दल: चुकलात तर 'शी, सॉरी, दे' म्हणून वाक्य पूर्ण करा. पाच मिनिटं माफी मागत बसू नका, मग मलाच तुमची समजूत घालावी लागते.

चिंगूताई

'दमताही येत नाही'... हे वाचून थांबले थोडा वेळ. लिहीत राहा इथे.

शब्दहमाल

माझा धंदाच हा असल्यामुळे दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, आख्ख्या प्रतिसादात स्वतःसाठी एकही 'करतो' किंवा 'करते' नाही, आणि कुठेही ओढूनताणून वाटत नाही. मला हे पैसे घेऊन जमत नाही. दंडवत.

ठाण्याचा_ठोकळा

नुसतंच_वाचन, तुमचा सीनियरवाला मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. लोगोवरचा राग आहे तसाच आहे. एक विचारू का, नाव घेऊन बोलणं जास्त बरं की 'दे'? म्हणजे खारीबिस्किट यांनी ते अ‍ॅलेक्सचं लिहिलंय तसं.

नुसतंच_वाचन

विचारा की. नाव चालतं, पण एका वाक्यात तीनदा आलं की कळतं हो, समोरचा वाटेतला खड्डा चुकवतोय. माझ्या पाठीमागे बोलताना 'दे' आलं तर जास्त आवडेल. समोर असताना तसंही 'यू' च असतं, सर्वनामाची खरी परीक्षा माणूस खोलीत नसताना.

हलकंघ्या

मी गंमत करायला आलो होतो, गप वाचतोय आता.

एक अनुभव मात्र आमच्याकडचा. माझ्या बायकोचं नाव किरण. बँक, विमा, विमान कंपनी, सगळीकडून 'मिस्टर किरण'. एकदा विमानतळावर तिकिटावर मिस्टर आणि समोर साडीतल्या बाई, त्यावरून काउंटरवर अर्धा तास गेला. आणि ऑफिसात तिच्याबद्दल परदेशातून मेल येतो 'प्लीज आस्क हिम'. तिला 'दे' म्हणा असं तिचं काहीच नाही, ती बाईच आहे, पण ती म्हणते माहीत नसेल तर निदान अंदाज तरी ठोकू नका ना.

खारीबिस्किट

किरणताईंना माझा फुल सपोर्ट. आमच्याकडे हरप्रीत, गुरप्रीत, मनप्रीत, सगळी नावं दोन्हीकडे चालणारी. इटलीतल्या आंद्रेआ नावाच्या व्यक्तीला आमच्या टीमने महिनाभर 'शी' केलं होतं, कॉलवर कॅमेरा चालू झाला तर भरघोस दाढी. तिकडे आंद्रेआ पुरुषांचं नाव असतं. 'दे' हे फक्त नॉनबायनरी (म्हणजे स्वतःला पुरुष किंवा स्त्री यात न बसवणाऱ्या) लोकांसाठी नाही, आपल्यासारख्या देशोदेशीच्या नावांशी रोज मेलामेली करणाऱ्यांसाठी पण आहे, हा मुद्दा मी आता सीनियरांपुढे ठेवणार आहे.

एक शंका, तज्ज्ञांनी सांगा. 'देमसेल्व्हज' लिहायचं की 'देमसेल्फ'? एका युजरबद्दल आहे. एडिटर 'देमसेल्फ' खाली लाल रेघ मारतो. आणि मास्तरांसाठी शस्त्र हवंय, कुठल्या छापील गाइडमध्ये हे मान्य आहे?

बाराखडी

छापील शस्त्रं भरपूर आहेत. एपी या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने २०१७ मध्ये मोजक्या ठिकाणी परवानगी दिली, वाक्य दुसऱ्या कुठल्या प्रकारे जमत नसेल तर वापरा असं. शोधनिबंधवाल्यांच्या एपीए मॅन्युअलची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, ती सरळ म्हणते वापरा. 'देमसेल्फ' पण जुनाच शब्द आहे, एकाच माणसाबद्दल असेल तर तो पटतो, पण लाल रेघ बघून ज्यांना धडकी भरते त्यांच्यासाठी 'देमसेल्व्हज' लिहून मोकळं व्हा. क्रियापद मात्र 'दे आर' च, 'दे इज' नाही.

मॅन्युअल असेल तर खरं सांगू, सर्वनामच लागत नाही. 'इफ यू फर्गेट युअर पासवर्ड' लिहा. वाचणारा युजरच आहे ना?

खारीबिस्किट

अरेच्चा. अर्धी मॅन्युअल्स यानेच सुटतील. उरलेलं अ‍ॅडमिन गाइड, त्यात युजर हा तिसराच माणूस असतो, तिथे 'देअर' वर मी ठाम.

डांबरट_मास्तर

एपीए आणि एपी, दोन्ही अमेरिकन. असो.

माझा निर्णय असा: अनोळखी माणसासाठी 'दे' ला इथून पुढे लाल गोल करणार नाही, शेक्सपिअरला अर्धा मार्क कापायची माझी लायकी नाही. नुसतंच_वाचन भेटले तर त्यांनाही 'दे' म्हणेन, कारण त्यांनी सांगितलंय आणि ते त्यांचं त्यांना माहीत. पण 'ईच स्टुडंट मस्ट रेझ देअर हँड' अजून कानाला खटकतं. मी 'ऑल स्टुडंट्स मस्ट रेझ देअर हँड्स' म्हणेन. व्याकरणही शाबूत आणि कुणी वगळलंही नाही. तुमच्या त्या सीनियरांना हेच सुचवा.

हलकंघ्या

मास्तर, तेवढं 'डिअर सर' चं पण बघा. किरणला आजही रोज येतं.

डांबरट_मास्तर

त्याला 'डिअर किरण' हा उपाय आहे. नाव माहीत असताना 'सर' कशाला?